शेवटच्या पेटीवरची वीट

१

सर्गोन योनानच्या अंगावर बदामाच्या इतक्या पाकळ्या पडल्या होत्या, की मुकादम फिदेन्सिओला तो आधी दिसलाच नाही. झाडांच्या ओळीत कुणीतरी पोतं टाकलंय असं वाटून तो जवळ गेला, तेव्हा पोत्याला बूट होते.

म्हातारा उताणा पडला होता. चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजलेला, मानेत नांग्या रुतलेल्या, आणि डोक्याखाली त्याचीच बंडी घडी करून ठेवलेली. जवळच मधपेट्यांची रांग होती. सगळ्या पेट्या बंद, सगळ्या गप्प. पाऊस भुरभुरत होता, आणि पावसात मधमाशी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही.

माशी चावली की सर्गोनचा गळा मिटतो, हे टर्लॉक गावाच्या आसपासच्या सगळ्या बागांना ठाऊक होतं. बहराच्या दिवसांत औषधाच्या सुईचं पेन बंडीच्या खिशात घातल्याशिवाय तो अंगणातसुद्धा उतरत नसे. बंडी होती. खिसा मात्र रिकामा होता.

पेन सापडलं ते फिदेन्सिओच्या गाडीत, सीटच्या फटीत. पेट्यांपर्यंत चिखलात उमटलेल्या चाकांच्या खुणाही त्याच गाडीच्या. आणि आदल्या दिवशीच मालकाने त्याला सांगितलं होतं की यंदाचे बदाम उतरले की ही झाडं उपटायची, मग मुकादमाचं काम उरणार नाही. तिन्ही गोष्टी जुळल्या आणि दिवस मावळायच्या आत फिदेन्सिओ कोठडीत गेला. साहेबांनी प्रकरण मिटल्यात जमा केलं.

डेल्फिना बोर्बाचं टेबल पोलिसांच्या त्याच कचेरीत कोपऱ्यात होतं. चोरीचे ट्रॅक्टर, चोरीचे बदाम, चोरीच्या मधपेट्या, असली शेतातली भानगड तिच्याकडे यायची. बाप पोर्तुगीज गवळी, गाई कधीच विकल्या गेल्या; शेतातल्या माणसांशी कसं बोलावं एवढं मात्र बापाकडून तिच्याकडे आलं होतं. म्हणूनच की काय, फिदेन्सिओची बायको चायो तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्यांच्याकडे या देशात राहायचे कागद नाहीत, बाई," चायो म्हणाली. "शुक्रवारी त्यांना दुसऱ्या खात्याकडे देणार आहेत म्हणे. तिथून थेट सीमेपलीकडे. इतक्या वर्षांनी तिकडे त्यांचं कोण आहे?"

"केलं नसेल तर सुटतील ते."

"केलं नसेल तरी जातील. तुम्हाला ठाऊक आहे की."

डेल्फिनाला ठाऊक होतं. तिने भिंतीवरचा रेनकोट काढला. त्या दिवशी बुधवार होता.

२

मधपेट्यांचा मालक हाल्वोर त्वेत दरवर्षी नॉर्थ डकोटाच्या बर्फातून पेट्या ट्रकवर लादून या खोऱ्यात येई. सत्तरी उलटलेला, ताडमाड, आणि शब्द मोजून वापरणारा. डेल्फिना पोचली तेव्हा तो आकाशाकडे बघत उभा होता.

"आठवडा होत आला पावसाला," तो म्हणाला. "फुलं गळतायत आणि माश्या घरात बसून आहेत. बघ अगं, ही ओळ एका जातीची, ती पलीकडची दुसऱ्या. हिचा पराग तिला लागतो, तिचा हिला. चिकट पराग, वाऱ्याने जात नाही. माशी नेते. माशी नाही उडाली तर ही सगळी नुसती शोभा."

"सर्गोन ही झाडं उपटणार होता?"

"स्वतःच्याच परागावर निभावणारी नवी जात लावणार होता. पुतण्याने भरवलं होतं डोक्यात." त्वेत थुंकला. "मग मला यायचं कारण नव्हतं. विचारायचं असेल तर सरळ विचार. काल, मंगळवारी, मी नदीपलीकडच्या बागेत चिखलात रुतलेला ट्रक ओढत होतो. चार माणसं होती बरोबर, त्यांतली दोघं मला अजून शिव्या देतायत."

डेल्फिना पेट्यांच्या रांगेवरून चालत गेली. प्रत्येक झाकणावर वाऱ्याने उडू नये म्हणून एकेक वीट आडवी ठेवलेली. सर्गोन पडला होता तिथली, रांगेतली शेवटची पेटी, तिच्याजवळ ती थांबली.

"हाल्वोर, ही एकच वीट कडेवर उभी का?"

त्वेत आला. विटेवरून बोट फिरवलं.

"माझी माणसं अशी ठेवत नाहीत," तो म्हणाला.

"मग कोण ठेवतं?"

त्याने डेल्फिनाला तोंडावर जाळी घालायला दिली, माश्यांना शांत करायचं धुरांडं पेटवलं, झाकण उचललं. आतून आवाज आला तो गुणगुणण्याचा नव्हता; कण्हल्यासारखा, वरखाली होणारा. एक माशी सरळ डेल्फिनाच्या जाळीवर येऊन आपटली. त्वेतने एकेक चौकट उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली.

"राणी नाही. ताजं अंडंही नाही एक. थोडी पिल्लं बंद कप्प्यांत आहेत तेवढीच. राणी मेली की पेटी पिसाळते. म्हाताऱ्याचं नशीब बघ, इतक्या पेट्यांत हीच वाट्याला आली."

"उभी वीट म्हणजे राणी नाही, असंच ना?"

"काही लोकांत तशी खूण असते."

"कुठल्या लोकांत?"

त्वेतने झाकण लावलं आणि वीट उचलली. ती कशी ठेवावी हे कळेना म्हणून ती तशीच हातात धरून उभा राहिला. "आता आठवत नाही," तो म्हणाला, आणि तीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच त्याने डेल्फिनाची नजर चुकवली.

३

कोठडीत फिदेन्सिओ बाकावर बसला होता, उजवा गुडघा चोळत.

"पेटी उघडणाऱ्याने ती नीट बंद केली," डेल्फिनाने त्याला सांगितलं. "गळा मिटलेला माणूस झाकण लावत बसत नाही. म्हणजे तिथे दुसरं कुणीतरी होतं. आणि तो तू नव्हेस."

"कशावरून?"

"तू माश्यांना भितोस. सगळ्या गावाला माहीत आहे. परवाच्या जत्रेत मधाच्या दुकानापासून पळालास म्हणे."

तो कसनुसा हसला. "ती गांधीलमाशी होती, बाई."

"मंगळवारी सकाळी कुठे होतास?"

"पंपाच्या खोलीत. पट्टा तुटला होता. गाडी अंगणात, चावी गाडीतच. इथे सगळ्यांच्याच चाव्या गाडीत असतात. मग मालक दिसेनात म्हणून गाडी घेऊन शोधायला गेलो."

"गाडीत बसलास तेव्हा काही वेगळं वाटलं?"

फिदेन्सिओचा हात गुडघ्यावर थांबला. "नाही," तो म्हणाला.

"गुडघ्याला काय झालं?"

"आपटला."

"कुठे?"

"कुठेतरी."

"शुक्रवारी तुला नेतील. चायो माझ्या टेबलापुढे उभी होती. काही माहीत असेल तर आत्ता बोल."

"मी या बागेत आलो तेव्हा माझ्या अंगावर धड सदरा नव्हता," तो हळूच म्हणाला. "मालकीणबाईंनी मालकांचा दिला. त्या गेल्या बिचाऱ्या. बाकी मला काही माहीत नाही."

डेल्फिना बाहेर येऊन कचेरीच्या गाडीत बसली. तिच्या आधी ही गाडी चालवणारा शिपाई सहा फुटी, त्यामुळे तिचे पाय खाली पोचेनात. सवयीने तिने सीट पुढे ओढली. हा शिपाई रोज तिच्या नावाने खडे फोडायचा. तिच्यानंतर गाडीत बसलं की गुडघे फुटतात, म्हणायचा. किल्ली फिरवताफिरवता तिचा हात थबकला.

फिदेन्सिओही उंच होता. मंगळवारी त्याची गाडी कुणीतरी बुटक्या माणसाने चालवली होती. आणि ते माणूस कोण, हे फिदेन्सिओला ठाऊक होतं.

४

योनानांच्या घरात माणसं भेटायला येऊन गेली होती. कपांत बिनसाखरेच्या कॉफीचा गाळ उरला होता. सर्गोनचा पुतण्या निनोस दारातच भेटला. बूट स्वच्छ, रुमालाने चष्मा पुसत उभा.

"मुकादमाने केलं हे उघड आहे," तो म्हणाला. "तुम्ही उगाच पावसात फिरताय."

"तू होतास कुठे?"

"शहरात, बँकेत. काका दुसऱ्या दिवशी तिथे सही करायला येणार होते. जुनी झाडं काढायची, नवी लावायची. दरवर्षी त्या त्वेतच्या मिनतवाऱ्या करा, ट्रकभर माश्या आणा आणि मग ऊन पडावं म्हणून देवाला साकडं घाला, यातून सुटका. काकांना शेवटी पटलं होतं. आता सगळं बारगळलं. बाग नाहरिनची झाली, आणि ती झाडाचं पान तोडू देणार नाही."

म्हणजे सर्गोनच्या मरणाने निनोसचं नुकसानच झालं होतं. शिवाय पेट्यांपाशी तो कधी गाडीची काच खाली करून बसल्याचंही कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि तो डेल्फिनापेक्षा हातभर उंच होता.

नाहरिन स्वयंपाकघरात होती. सर्गोनची एकुलती एक लेक, चाळिशीची, ठेंगणी, लग्न न केलेली. समोर दोल्म्याचं पातेलं होतं आणि ती द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत होती.

"चायोकडे पाठवतेय," ती वर न बघता म्हणाली. "तिच्या घरी चूल पेटली नसेल."

"फिदेन्सिओने तुझ्या बापाला मारलं असं पोलीस म्हणतात, आणि तू त्याच्या बायकोला जेवण पाठवतेस?"

"फिदेन्सिओ तसं करणार नाही."

"मग कुणी केलं?"

"अपघात असेल. बाबा तिकडे गेले असतील बघायला."

"तू कुठे होतीस?"

"घरातच."

ती एकेक पान उलगडत होती, भात ठेवत होती, कडा दुमडत होती. घाई नाही, पण हात कुठे अडतही नव्हता. डेल्फिनाने कॉफी ओठांना लावली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. मागे अंजिराखाली तीन जुन्या पेट्या होत्या, रंग उडालेल्या.

"त्या आईच्या," नाहरिन म्हणाली. "मला तिनेच शिकवलं. ती गेली, मागोमाग माश्या गेल्या. नंतर बाबांना हा त्रास सुरू झाला. मग आम्ही घरी माश्या ठेवल्याच नाहीत. पेट्या रिकाम्याच आहेत, आईने ठेवल्या तशा. कुणी हात लावलेला नाही."

दोन पेट्यांवर विटा आडव्या होत्या. तिसरीवरची वीट कडेवर उभी होती, आणि तिच्यावर शेवाळ चढलं होतं.

डेल्फिनाने कप खाली ठेवला. कॉफी संपली नव्हती.

५

"मला यात घालू नकोस," त्वेत म्हणाला. "त्या पोरीला मी परकरी असल्यापासून ओळखतो."

"फिदेन्सिओला उद्या नेतील, हाल्वोर. मी सांगते एवढंच कर. बाकी काही बोलू नकोस."

गुरुवारी दुपारी पाऊस थोडा थांबला होता. नाहरिनला बागेत बोलावून घेतलं, बाप कुठे पडला होता ते तिला दाखवायचं म्हणून. ती आली. त्वेतने शेवटची पेटी उघडली. वीट गवतावर आडवी ठेवली, झाकण बाजूला टाकलं, पिल्लांची एक चौकट काढून पेटीला टेकवली, आणि डेल्फिनाने सांगितलं होतं तसा धुरांड्यात गवत घालायला म्हणून ट्रककडे निघून गेला.

डेल्फिना काहीबाही विचारत राहिली. बंडी कशी होती, सर्गोन सकाळी काय खाऊन निघाला. नाहरिन उत्तरं देत होती, पण तिची नजर पुन्हापुन्हा उघड्या पेटीकडे जात होती. पावसाचे चार थेंब पडले.

"त्वेतकाका कुठे गेले?" नाहरिनने विचारलं.

"येतील."

"पिल्लं गारठतील."

पाऊस वाढला. नाहरिनने एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा डेल्फिनाकडे, आणि मग ती चालत गेली. चौकट उचलून तिने सावकाश आत सोडली, बाजूच्या माश्यांना सरकायला वेळ देत. एक माशी कडेवर अडकली होती, तिला फुंकर घातली. झाकण तिरकं टेकवून हळूहळू सरळ केलं. मग वीट उचलली आणि झाकणावर ठेवली.

कडेवर उभी.

तिचा हात विटेवरच राहिला. ती आपल्या हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

"या पेटीला राणी नाही हे तुला कुणी सांगितलं?" डेल्फिनाने विचारलं. "आम्ही तर कुणालाच बोललो नाही."

नाहरिन चिखलातच खाली बसली.

"बाबा ऐकतच नव्हते," ती म्हणाली. "निनोसचं खरं मानून बसले होते. म्हणे, माश्या मेल्यात, आत काही नाही, यंदाही बहर वाया. मी म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघा. आत कशा बसल्यात एकमेकींना धरून, उन्हाची वाट बघत. एकदा बघितलं की तुम्हाला झाडं उपटवणार नाहीत. मंगळवारी जरा उघडीप होती. अंगणातली फिदेन्सिओची गाडी घेऊन आलो. ऊन लागलं म्हणून बाबांनी बंडी काढून सीटवर टाकली. मी म्हटलं, लांब उभे राहा. ते उभे होते लांब. मला काय माहीत, हीच पेटी बिनराणीची निघेल."

"मग?"

"झाकण काढल्याबरोबर उठल्या. बाबा मागून काहीतरी म्हणाले. मला वाटलं, राणी दिसली का विचारतायत." तिने तोंडावरून हात फिरवला. "वळले तर ते गुडघ्यांवर होते. बंडी, म्हणाले. माझ्या हातात पिल्लांची चौकट होती. पाऊस सुरू झाला होता. मी म्हटलं, बाबा, आलेच."

डेल्फिनाला पुढचं ऐकायचं नव्हतं. पण फिदेन्सिओसाठी ते ऐकणं भाग होतं.

"मग चौकट आत ठेवली. झाकण लावलं. वीट ठेवली. मग धावले. बंडी ओढून आणली तर खिसा रिकामा. गाडीतच कुठेतरी पडलं असणार म्हणून परत धावले, शोधलं, सापडेना. आले तेव्हा बाबा गेले होते. बंडी डोक्याखाली दिली. जमीन ओली होती. मग गाडी अंगणात नेऊन लावली आणि घरात बसले."

"झाकण नुसतं टाकून पळता आलं असतं."

"आई सांगायची, पेटीवर असलं की घाई करायची नाही. एकही माशी चिरडता कामा नये." नाहरिनने वर पाहिलं. "मी घाई केली नाही. एकही माशी चिरडली नाही मी."

पाऊस दोघींवर पडत होता. ट्रकपाशी त्वेत पाठ करून उभा होता, धुरांडं विझलं होतं.

"फिदेन्सिओला धरलं तेव्हा तरी बोलायचं," डेल्फिना म्हणाली, आणि तिला राग आला होता तो आवाजात आला. "त्याचं घर मोडत होतं आणि तू दोल्मे गुंडाळत होतीस."

"दोनदा निघाले होते सांगायला. बाबा माझ्यासमोर गेले, हे सांगता येतं. पण मी आधी झाकण लावलं, हे कसं सांगायचं? कुणाला सांगायचं?"

६

आधी झाकण लावण्याला कायद्यात कलम नव्हतं. दुसऱ्याला कोठडीत सडू देऊन खोटं बोलण्याला होतं, तेवढं तिच्यावर लागलं. जबाब घेऊन, तारीख देऊन तिला घरी सोडलं. साहेबांनी फिदेन्सिओच्या सुटकेच्या कागदावर सही केली ती शुक्रवारी सकाळी, दुसऱ्या खात्याची गाडी यायच्या आत, आणि तीही तोंड वाकडं करून.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. चायो गाडीत मागे बसली, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, आणि सारा रस्ता तिने तो काढला नाही.

"माश्या उडाल्या?" फिदेन्सिओने विचारलं.

"सकाळपासून."

"मग राहिलेली फुलं तरी धरतील."

"सीट पुढे ओढलेली होती," डेल्फिना म्हणाली. "तुला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं."

"हो."

"चायोचा तरी विचार करायचा होतास."

"केला. रोज केला." तो खिडकीबाहेर बघत होता. "मला वाटलं, नाहरिन स्वतः येईल. लहानपणी एक कप फोडला तरी सांगायला यायची. आज येईल, उद्या येईल, असं करत राहिलो."

बाग आली तशी गाडीच्या आवाजावरही गुंजारव ऐकू येऊ लागला. ओळीओळींतून, या झाडावरून त्या झाडावर, आठवडाभर कोंडलेल्या माश्या कामाला लागल्या होत्या. निम्मा बहर जमिनीवर पडून तपकिरी झाला होता. उरलेल्या निम्म्यासाठी त्या जिवाचं रान करत होत्या.

योनानांच्या घराशी डेल्फिनाने गाडी हळू केली. अंजिराखाली नाहरिन पाठमोरी उभी होती. तिन्ही जुन्या पेट्या उघड्या होत्या, चौकटी इतस्ततः पडलेल्या. झाकणं गवतात भिरकावलेली, विटा लांब कुठेतरी. आईने ठेवलेलं तिथे काही उरलं नव्हतं.

फिदेन्सिओने गाडीचं दार उघडलं. "झाकणं लावून येतो," तो म्हणाला. "पाऊस परत येईल."

डेल्फिनाने त्याचा दंड धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "तिला त्या उघड्याच ठेवायच्या आहेत."